सेंटोसाला जाल तेव्हा

मंडळी, सिंगापूरच्या टूरमध्ये सेंटोसा बेट असतंच. युनिव्हर्सलच्या रांगेत उभं राहण्याआधी तासभर फोर्ट सिलोसोला द्या. तोफा, भुयारं, मेणाचे पुतळे, मुलंही रमतात.

तोफा होत्या समुद्रातली जहाजं अडवायला. जपानी आले मागच्या दारानं, मलायातून! 15 फेब्रुवारी 1942ला सिंगापूर पडलं. दोनच दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानात 40,000हून अधिक हिंदी सैनिक इंग्रजांनी जपान्यांच्या हवाली केले. त्यांच्यातूनच आझाद हिंद सेना उभी राहिली. जे गेले नाहीत, त्यांतल्या अनेकांना जपान्यांनी न्यू गिनीला मजुरीला नेलं. कितीतरी परतलेच नाहीत.

क्रांजीच्या स्मारकावर कबरही न लाभलेल्या 24,000हून अधिक जणांची नावं आहेत, आपल्या सैनिकांचीही पुष्कळ. टूरवाला वेळ नाही म्हणेल. हट्ट धरा. आणि चष्मा न्या, अक्षरं बारीक आहेत.