अपंग सैनिकाची मोटार

युद्ध संपलें म्हणजे तोफा थंडावतात. परंतु ज्या सैनिकाचा पाय रणांगणावर राहिला, त्याचा झगडा घराच्या उंबरठ्यापाशीं नव्यानें सुरू होतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत असे हजारों तरुण रुग्णालयांतून घरीं परतले. त्या विस्तीर्ण देशांत वस्ती एकीकडे, तर कामाची जागा दूर दुसरीकडे. कुबड्या सांवरीत बस गांठणें म्हणजे रोजचें दिव्यच.

८ ऑगस्ट १९४६ च्या कायद्यानें, ज्यांचा एक किंवा दोन्ही पाय युद्धसेवेंत निकामी झाले, अशांना मोटारीसाठीं १,६०० डॉलरपर्यंत साहाय्य मिळूं लागलें. पायांऐवजीं हातांनीं गाडी चालविण्याचीं साधनें त्याच रकमेंत धरलेलीं होतीं. मात्र दुरुस्ती व निगा यांसाठीं त्यांतला एक सेंटहि खर्चावयाचा नव्हता. मोटार दाराशीं आली, पण तिच्या नोंदणीची फी दर वर्षीं कोणीं सोसावी?

वाहनांची नोंदणी तेथील घटक राज्यें करतात. म्हणून सूटहि त्यांनींच द्यावयाची. कॅलिफोर्नियांत आज पात्र अपंग माजी सैनिकाच्या एका खासगी वाहनाची नोंदणी-फी माफ आहे. पाटी हरवून दुसरी घेतल्यास तेवढी फी पडते. धंद्याच्या वाहनाला ही सवलत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, रस्ता त्याच्याहि मोटारीनें झिजतो. मग भार इतरांनीं कां वाहावा? प्रश्न रास्त आहे. परंतु इतरांना मोटार ही सोय आहे; याला ती पायाच्या जागीं आहे. धडधाकट मनुष्याकडून चालण्याबद्दल कोणी कर घेत नाहीं. मग ज्याचा पाय राष्ट्राच्या कामीं आला, त्याच्याकडूनच तो कां घ्यावा?

१९४६ च्या कायद्यांत एक उणीव होती. ज्याला मोटार स्वतः चालवितां येईल, त्यालाच ती मिळे. डोळे गमावलेला सैनिक त्यामुळें वंचित राहिला. १९५१ सालीं अंधांचाहि समावेश झाला. चाक दुसऱ्याच्या हातीं असलें, तरी जाणें-येणें त्याचेंच, हें तेव्हां मान्य झालें.

अशा माफीला दान म्हणणें योग्य नव्हे. ती एका जुन्या ऋणाची वर्षाकाठची लहानशी फेड आहे. आणि जो हक्कानें घ्यावयाचा, त्याला त्यासाठीं कचेरीच्या दाराशीं याचकासारखें उभें राहावें लागूं नये.