शहापूरचं पाणी, मुंबईची तहान

1951च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या होती सुमारे 30 लाख. 2011मध्ये ती 1 कोटी 24 लाखांवर गेली. यात गिरणीसाठी आलेले कोकणी चाकरमानी होते, तशी 1972च्या दुष्काळात गाव सोडलेली कुटुंबंही.

एवढ्यांची तहान भागवायची कशी? 1860 साली विहार तलाव झाला. मग तुळशी, तानसा, वैतरणा, भातसा असं करत शहर पाण्यामागे शंभरेक किलोमीटर गेलं. तानसा आणि भातसा शहापूर तालुक्यात. आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात बाया हंडे मांडून टँकरची वाट बघतात! धरण उशाला, कोरड घशाला, दुसरं काय?

वापरलेलं पाणी जातं कुठे? त्यातलं काही प्रक्रियेविना थेट मिठी नदीत. विहार-पवईच्या सांडव्यांपासून माहीमच्या खाडीपर्यंत वाहणारी ही नदी वस्ती आणि भरावानं आवळली गेली. झोपड्यांना दोष देणं सोपं असतं. पण वांद्रे-कुर्ला संकुलही तिच्याच काठच्या पाणथळीवर भराव टाकून उभं राहिलं. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस कोसळला, आणि मिठीचं पाणी कुर्ला-कलिन्यातल्या घराघरांत शिरलं.