गाभा अखंड की सुटा?

मेमरी कुणाला किती, प्रोसेसर कुणाला कधी, हे संगणकात ठरवतो तो कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स हा गाभा लिहिला, तो अखंड घडणीचा. डिस्क, कीबोर्ड सांभाळणारे ड्रायव्हरही गाभ्यातच. काम झपाट्याने होतं, पण एक ड्रायव्हर बिघडला तर अख्खी यंत्रणा कोसळू शकते.

१९९२ मध्ये ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅननबाम यांनी ही रचना कालबाह्य ठरवली. त्यांच्या मिनिक्स या कार्यप्रणालीचा गाभा सुटा, छोटासा. मिनिक्स ३ मध्ये तर ड्रायव्हर गाभ्याबाहेर वेगळे चालतात. एखादा बंद पडला, तर तेवढाच पुन्हा सुरू होतो. गाभा आणि या सुट्या भागांमधल्या निरोपांच्या देवाणघेवाणीत थोडा वेळ जातो, इतकंच. मला हीच घडण जास्त भरवशाची वाटते. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये मात्र लिनक्सचाच कर्नल आहे.