एका पैशाची गुंतवणूक
(संघाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



सभेपुढील ठराव वरकरणी मोठा सोयीचा आहे. एका उदार गृहस्थांनी विद्यार्थी साहाय्यक निधीस एकरकमी देणगी देऊ केली आहे. तिच्या व्याजातून सर्व शिष्यवृत्त्या भागतील. सबब घरोघरची वर्गणी बंद करावी, असे ठरावाचे शेवटचे वाक्य म्हणते. देणगी आम्हांस शिरसावंद्य आहे. वर्गणी बंद करण्यास मात्र आमचा विरोध आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी पैसाफंडाची कल्पना काढली. माणशी एक पैसा! त्या काळी रुपयाचे पैसे ६४. म्हणजे एका रुपयासाठी चौसष्ट जणांपुढे हात पसरावयाचे, चौसष्ट वेळा तेच सांगावयाचे, आणि कित्येकांची थट्टाही सोसावयाची. हिशेबी माणसास हा व्यवहार आतबट्ट्याचाच वाटावा. परंतु लोकमान्य टिळकांनी त्यास पाठबळ दिले आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसाफंडाचा काचकारखाना उभा राहिला. परदेशी जाऊन काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे ती शिकवू लागले. तेथे तयार झालेले कारागीर पुढे अन्य प्रांतांतही गेले.

ज्याने पैसा दिला, त्याच्या बाजूने पाहावे. त्याच्या एका पैशाने भट्टीतला कोळसादेखील फारसा आला नसेल. पण ‘आमच्या पैशाचे काय केलेत?’ असे विचारावयास तो मोकळा झाला. गुंतवणूक या शब्दात ‘गुंतणे’ आहे, हे आपण व्याजाचे दर पाहताना विसरतो. दोरा गुंततो, पाय गुंततो, जीव गुंततो. मुदतठेवीत केवळ रक्कम गुंतते; आपण मोकळेच राहतो.

आमचाच दाखला देतो. गेली तीन वर्षे आपण वर्गणी मोबाईलवरून घेतो. जमा घटली नाही, उलट वाढली. कार्यकारिणीची पायपीट वाचली, आणि आम्हांस त्याचा आनंदच झाला! मात्र गतसाली एका विद्यार्थिनीची मंजूर झालेली मदत चार महिने आमच्या दप्तरात पडून राहिली. कोणी विचारले नाही. तिच्या मातोश्रींनी पाटल्या गहाण ठेवून शुल्क भरले, हे आम्हांस कळले ते एका लग्नाच्या पंक्तीत. पूर्वीप्रमाणे पावतीपुस्तक घेऊन त्या घरी चहाला बसलो असतो, तर पहिल्याच महिन्यात कळले असते. चूक सर्वस्वी आमची होती. त्या माउलीने तरीही वर्षाची वर्गणी पाठविली होती, हे जमाखर्चात पाहून आमची मान खाली गेली.

म्हणून देणगी साभार स्वीकारावी, वर्गणी हवी तर घरटी एक रुपया करावी, पण ती दारी जाऊनच घ्यावी. ठरावाचे शेवटचे वाक्य वगळावे, अशी उपसूचना आम्ही मांडतो. पहिल्या फेरीचे पावतीपुस्तक आमच्याकडे द्यावे.