अर्भकांचे आकस्मिक मृत्यू : नोंद, संशोधन आणि प्रतिबंध

(कोलकाता येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली ती याच शहरात. तेव्हा मोजणीविषयी येथे बोलणे उचितच आहे. मात्र माझा विषय आपल्याकडे जवळजवळ न मोजल्या जाणाऱ्या मृत्यूंचा आहे.

निरोगी म्हणून झोपविलेले एक वर्षाखालील बाळ मृतावस्थेत आढळते. शवविच्छेदन, मृत्युस्थळाची पाहणी आणि पूर्वेतिहासाची छाननी या तिन्ही गोष्टी करूनही कारण सापडले नाही, तरच त्यास ‘आकस्मिक अर्भकमृत्यू’ म्हणावे, असा वैद्यकीय संकेत आहे. १९६९ मध्ये सिअॅटल येथील परिषदेपासून ही संज्ञा रूढ झाली. असे मृत्यू प्रामुख्याने दोन ते चार महिन्यांच्या वयात होतात. व्याख्येतच चौकशी अनुस्यूत असल्याने जेथे चौकशी नाही तेथे निदानही नाही. भारतात २०२० मध्ये नोंदविलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झाले होते. घरी दगावलेल्या तान्ह्या बाळाचे शवविच्छेदन तर विरळाच.

शब्दांचा गोंधळ याच शहराने अनुभवला आहे. डॉ. बी. सी. रॉय बालरुग्णालयात २००२ मध्ये आणि पुन्हा २०११ मध्ये काही दिवसांतच अनेक बालके दगावली, तेव्हा इंग्रजी वृत्तपत्रांनी ‘क्रिब डेथ’ हा शब्द वापरला. वस्तुतः रुग्णालयात उपचार घेत असलेल्या आजारी बालकांचे मृत्यू या संज्ञेत बसत नाहीत. त्यांवरचा उपाय वेगळा. पुरुलियाच्या जिल्हा रुग्णालयात २००३ मध्ये उभारलेला नवजात शिशू कक्ष हे त्याचे उदाहरण होय. चुकीच्या नावाने केलेली नोंद चुकीच्या उपायाकडे नेते.

अर्थशास्त्रज्ञ आक्षेप घेतील, की न्यूमोनिया आणि अतिसार शिल्लक असताना या विरळ कारणावर खर्च का करावा? आक्षेप रास्त आहे. परंतु देशाचा बालमृत्युदर १९७१ मध्ये हजारी १२९ होता, तो २०२३ मध्ये २५ वर आला. मोठी कारणे ओसरू लागली की अज्ञात कारणांचा सापेक्ष वाटा वाढतो. शिवाय येथे प्रतिबंध महागडा नाही. बाळाला पालथे न झोपविता पाठीवर झोपवावे, एवढ्या संदेशाची मोहीम नेदरलँड्समध्ये १९८७ मध्ये, ब्रिटनमध्ये १९९१ मध्ये आणि अमेरिकेत १९९४ मध्ये सुरू झाली. अमेरिकेत दशकभरात हे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. त्यामागे कोणतेही औषध नव्हते. होती ती मृत्यूंची चिकाटीने केलेली नोंद.

ब्रिटनमधील अभ्यासांत भारतीय व बांगलादेशी वंशाच्या कुटुंबांत हे प्रमाण कमी आढळले, ही बाब मला विशेष उद्बोधक वाटते. आपल्या संगोपनात काही संरक्षक असावे. पण सर्वच परंपरा निर्धोक मानता येणार नाहीत. बाळाच्या डोक्याखालची मोहरीची उशी बंगालमध्ये आहे, महाराष्ट्रातही आहे. सुरक्षित झोपेच्या नियमांत उशीला स्थान नाही. बाळंतिणीच्या बंद खोलीतील शेगडी व धुरी, गरोदरपणातील मिश्री यांचा या मृत्यूंशी काही संबंध आहे काय, याचा शोध येथील संशोधकांनीच घ्यावयास हवा.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत प्रशिक्षित महिलांकरवी घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतली. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. या कामाचा पायाही प्रत्येक जन्ममृत्यूची नोंद हाच होता. पुढे आशा कार्यकर्तीच्या गृहभेटी देशभर सुरू झाल्या. परंतु नवजात काळजीची शेवटची भेट ४२ व्या दिवशी, आणि त्यानंतरची तिसऱ्या महिन्यात! मधल्या काळातच जोखीम वाढते. सुदैवाने सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना लसीकरणासाठी बाळ येतेच. तेव्हा दोन मिनिटांत झोपण्याची पद्धत, उशी आणि घरातील धूम्रपान यांविषयी सांगता येईल. त्याचा वाढीव खर्च नगण्य आहे. २०१४ च्या बालमृत्यू अन्वेषणाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार कुटुंबीयांची मुलाखत घेतलीच जाते. त्या प्रपत्रात बाळ कोणत्या स्थितीत, कशावर आणि कोणाजवळ झोपले होते, याची सविस्तर नोंद व्हावी, आणि निवडक वैद्यकीय महाविद्यालयांत पालकांच्या संमतीने शवविच्छेदनाची सोय व्हावी, अशी माझी मागणी आहे.