पाच मिनिटांत आलोच!

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेलं भाषण)



सचिवांनी मला बजावून ठेवलंय, "काका, पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगा, पण हलकंफुलकं बोला. पाण्याच्या टाकीचा विषय नको, गळतीचा नको आणि पार्किंगचा तर अजिबात नको." आता सोसायटीच्या आठवणींतून टाकी, गळती आणि पार्किंग वजा केलं तर शिल्लक काय राहते? बँकेत छत्तीस वर्षं काढल्यामुळे वजाबाकी बरी जमते. हिशेब केला तेव्हा लक्षात आलं की शिल्लक राहतो तो फक्त गेटबाहेरचा रस्ता. तेव्हा आज रस्त्याबद्दल बोलतो. रस्ता महापालिकेचा आहे, त्यामुळे कमिटीची हरकत नसावी.

आधीच सांगतो, मी गाडी चालवत नाही. मुलाच्या गाडीत त्याच्या शेजारी बसतो आणि पायाखाली नसलेला ब्रेक दाबतो. बाकी सगळा प्रवास पायी, बसने आणि आता मेट्रोने. म्हणजे या विषयात मी पूर्णपणे तटस्थ आहे, फक्त जीव मुठीत असतो एवढंच.

आपण इथे राहायला आलो तेव्हा गोरेगाव स्टेशनवर रिक्षावाल्याला ‘दिंडोशी’ म्हटलं की तो आकाशाकडे बघायचा. डेपोपर्यंत बस मिळाली तर नशीब. रात्री रस्ता इतका सुना की वरच्या अंगाला राहणाऱ्यांना बिबट्याची भीती वाटायची. आता बिबट्याला आपली वाटत असणार. आरे आणि चित्रनगरीच्या बाजूला तो अजूनही दिसतो म्हणतात, पण रस्ता ओलांडतो तो रात्री, गर्दी ओसरल्यावर, दोन्हीकडे बघून. त्याला कोणी लायसन्स दिलेलं नाही तरी एवढं समजतं.

एप्रिल २०२२ मध्ये आपल्याकडे मेट्रो आली. पुढे अंधेरीला जाणंही सोपं झालं. हायवेच्या वरून गारेगार डब्यातून माणूस वीस-पंचवीस मिनिटांत परत येतो आणि दिंडोशी स्टेशनचा जिना उतरला की खरा प्रवास सुरू होतो. त्यात गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचं काम. न्यायालयापासून चित्रनगरीपर्यंतच्या उड्डाणपुलासाठी पत्रे लागले तेव्हापासून पत्र्याच्या या बाजूला रिक्षा, त्या बाजूला डंपर आणि मधल्या फटीतून आपण, पिशवी छातीशी धरून.

या भागातल्या मोठ्या रस्त्याला जनरल अरुणकुमार वैद्य यांचं नाव आहे हे तुम्हाला माहीत आहेच. हे १९८३ ते ८६ या काळात आपले लष्करप्रमुख होते, दोनदा महावीर चक्र मिळवलेले. मूळचे रणगाडा दलातले. मला वाटतं, रस्त्याला रणगाड्यातल्या माणसाचं नाव दिलंय ही गोष्ट आपल्या काही वाहनचालकांनी फारच मनावर घेतली आहे. फरक इतकाच की रणगाड्याला शिस्त असते.

नवीन राहायला आलेल्यांसाठी इथल्या रस्त्यावरची भाषा थोडी समजावून सांगतो. समोरच्याने दिवा उघडमीट केला तर त्याचा अर्थ "या, तुम्ही आधी जा" असा नसून "मी येतोय, तुमचं तुम्ही बघा" असा असतो. रिक्षाला इंडिकेटर बसवलेला असतो, पण तो पासिंगच्या दिवसापुरता. एरवी चालकाचा पाय बाहेर आला की रिक्षा त्या बाजूला वळणार; पाय नुसताच मोकळा करायला बाहेर काढला असेल तर तो तुमच्या अभ्यासाचा भाग. हेल्मेट हे कोपराचं रक्षण करण्यासाठी असतं. आणि हेल्मेट डोक्यात असलंच तर गाल आणि हेल्मेट यांच्यामध्ये मोबाईल कोंबलेला असतो, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. सुरक्षेचा विचार आपल्याकडे होतच नाही असं म्हणणाऱ्यांनी हे बघावं.

पण माझा सगळ्यात आवडता शोध म्हणजे चारही इंडिकेटर एकदम लावणं. गाडी बंद पडली तर मागच्याला इशारा म्हणून ही सोय केली होती. आपल्याकडे त्याचा अर्थ ‘पाच मिनिटांत आलोच’. वळणावर, झेब्रा क्रॉसिंगवर, बसथांब्यावर, कुठेही गाडी लावा, चारही दिवे लुकलुकवा आणि केक आणायला जा. त्या दिव्यांच्या प्रकाशात सगळे गुन्हे माफ. मागे रुग्णवाहिका आली तर? २०१९ च्या दुरुस्तीनंतर रुग्णवाहिकेला वाट न दिल्याबद्दल दहा हजारांपर्यंत दंड आहे, कैदही आहे. पण गाडीत माणूसच नाही तर वाट देणार कोण? केकचा डबा?

हॉर्नबद्दल काय बोलावं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत इस्पितळ, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरच्या शांतता क्षेत्राची कल्पना आहे. आपल्याकडे चक्क सत्र न्यायालय आहे, आणि न्यायाधीश महाराज आत निकाल वाचत असताना बाहेर सगळे एकाच वेळी अपील करत असतात. २०१५ साली राज्य सरकारने गाड्यांच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला बंदी केली. अक्षरं गेली, हात तिथेच राहिला. २०२० च्या सुमारास मुंबई पोलिसांनी एक फार छान प्रयोग केला होता. सिग्नलला आवाज मोजणारं यंत्र जोडलं. थांबलेल्या गाड्यांचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू! मुदतीआधी ठेव मोडली की व्याज कापतात, तसंच. आपल्या कोपऱ्यावर हे यंत्र बसवलं तर काही मंडळी दिवाळीला निघून होळीला घरी पोचतील.

आमच्या वेळी बँकेत पितळी टोकन असायचं. टोकन हातात आलं की माणूस शांत बसायचा. त्याला खात्री असायची की आपला नंबर येणार. हाच माणूस बाहेर जाऊन स्कूटरला किक मारली की त्याची ती खात्री जायची. मी पुष्कळ वाहनकर्जं मंजूर केली. अर्जात पगार, जामीनदार, पत्ता, सगळ्याला रकाने होते. ‘अर्जदारास थांबता येते काय?’ असा रकाना बँकेने कधी छापला नाही. आरटीओची लेखी परीक्षासुद्धा ६० टक्क्यांना पास. उरलेल्या ४० टक्क्यांची उत्तरं लोक मग रस्त्यावर शोधतात. २०१६ पासून ई-चलान आलं, तर तेही थकीत. फोटोसकट मेसेज येतो, लोक म्हणतात "फोटो बरा आलाय", आणि लोकअदालतीची नोटीस येईपर्यंत गप्प. अशी थकबाकी माझ्या शाखेत असती तर माझी बदली भामरागडला झाली असती.

आता जरा गेटजवळ येऊ या. आपल्या गेटमधून बाहेर पडलं की नियमाने डावीकडे जायचं. पुढे दुभाजक संपतो तिथे वळायचं आणि मग हायवेकडे. जाऊन येऊन आठशे मीटर. ताशी वीसच्या वेगाने हिशेब केला, साधारण अडीच मिनिटं होतात. ही अडीच मिनिटं वाचवण्यासाठी आपल्यातले बरेच जण गेटमधून सरळ उजवीकडे, समोरून येणाऱ्या गाड्यांच्या अंगावर जातात. यालाच कायद्यात ‘धोकादायक वाहन चालवणं’ म्हणतात. एक हजार ते पाच हजार दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. आपल्याकडे त्याला ‘जरा कडेकडेने’ म्हणतात. आणि वाचवलेली अडीच मिनिटं हीच मंडळी संध्याकाळी गेटवर गाडी तिरकी उभी करून वॉचमनशी क्रिकेटवर बोलण्यात खर्च करतात. अर्धा तास. हा तोट्याचा धंदा आहे, पण सांगायचं कोणी? वॉचमन बिचारा उजवीकडे जाणाऱ्याला सलाम करतो. मी डावीकडून चालत येतो, मला करत नाही.

बी विंगमधल्या आजी तुम्हाला माहीत आहेत. नाव घेत नाही, त्या समोरच बसल्या आहेत आणि त्यांची परवानगी घेऊनच सांगतो आहे. दर मंगळवारी त्या समोरच्या गणपतीला जायच्या आणि येताना भाजी आणायच्या. दुभाजकाचा रस्ता, म्हणजे आपल्या बाजूला गाड्या उजवीकडूनच येणार. लहानपणी शाळेत शिकवल्याप्रमाणे त्यांनी उजवीकडे बघितलं. रस्ता मोकळा होता. पाऊल टाकलं आणि स्कूटर आली डावीकडून. मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं.

तो मुलगा पळून गेला नाही, हे सांगायला हवं. वीस-बावीस वर्षांचा असेल. त्याने आजींना उचलून फुटपाथवर बसवलं, पाणी दिलं, आणि हात त्याचेच थरथरत होते. पाठीवर जेवण पोचवायची मोठी पिशवी. मी विचारलं, "अरे, उलटा का आलास?" तो म्हणाला, "काका, टाइम दाखवतं ना, कस्टमर सारखा फोन करतो." मी पत्ता विचारला. पत्ता आपल्याच सोसायटीचा होता. विंग सांगत नाही. ऑर्डर कोणाची होती हे शोधायचं नाही असं आम्ही तेव्हाच ठरवलं. जेवण गरम पोचलं एवढं कळलं.

मनगट आता बरं आहे. पण आजी त्यानंतर रस्ता ओलांडत नाहीत. गणपतीला गॅलरीतून हात जोडतात. पंचवीस वर्षांत दिंडोशी एवढी वाढली, आणि त्यांची दिंडोशी मात्र रस्त्याच्या या बाजूला संपते. भाजी सूनबाई मोबाईलवरून मागवतात. ती दहा मिनिटांत येते. कोणत्या बाजूने येते ते मी गॅलरीत उभा राहून पाहिलं आहे.

यावर आपण काहीच केलं नाही असं नाही. मागच्या वर्षी गेटवर ‘बाहेर पडताना डावीकडेच वळा’ अशी पाटी लावली. आठवड्याभरात तिच्यावर पाणीकपातीची सूचना चिकटवलेली होती. ती काढली तर खाली जिना पुसणाऱ्या बाईंच्या रजेची होती. आपली पाटी तिसऱ्या थरावर सापडली. येत्या सर्वसाधारण सभेत मी दोन गोष्टी मागणार आहे: ती पाटी रंगवून घ्यावी, आणि ऑर्डर घेऊन येणाऱ्या मुलाला गेटवर घाई करणारा फोन करायचा नाही, असा ठराव. दुसऱ्याला अनुमोदक हवा आहे. आजींनी हात वर केला आहे, तो मोडलेलाच हात आहे, कृपया नोंद घ्यावी.

आणखी बरंच बोलायचं होतं, पण सचिवांनी आत्ताच चिठ्ठी दिली आहे. वाचतो. "पांढरी गाडी गेटच्या तोंडावर उभी आहे, चारही दिवे चालू आहेत. मालकांनी त्वरित काढावी." नंबर वाचत नाही, ज्यांची आहे ते उठलेच आहेत. बाकीच्यांनी जागेवरच बसावं. केटररचा टेम्पो तिच्या मागे अडकलाय आणि मसालेभात त्यात आहे.