भोंग्यावर चालणारे शहर

(सोलापूर येथे १२ जानेवारीला, हुतात्मा दिनी, तरुणांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज सकाळी आपण सगळे चार पुतळ्यांना हार घालून आलो. परत येताना मी तुमच्यापैकी चार-पाच जणांना विचारले, "यातले कुर्बान हुसेन काय काम करायचे?" उत्तर आले, "ते शहीद झाले." बरोबर आहे. पण शहीद होणे हे कुणाचे रोजचे काम नसते. त्याआधी ते काय करत होते? ते 'गझनफर' नावाचे वृत्तपत्र चालवत होते आणि गिरणी कामगारांमध्ये वावरत होते. म्हणून आज मी फाशीवर कमी आणि गिरणीवर जास्त बोलणार आहे. गिरणी समजली नाही, तर हे शहरही समजत नाही आणि हे चार पुतळे एकाच चबुतऱ्यावर का उभे आहेत, तेही समजत नाही.

माझे नाना लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये साच्यावर होते. आमच्या लहानपणी घरात घड्याळ होते, पण त्याला कुणी विचारत नसे. भोंगा झाला की नानी चुलीवर चहा ठेवायची. दुसरा भोंगा झाला की नाना चपला घालायचे. आमच्याच नाही, गल्लीतल्या सगळ्या घरांचे असेच होते. मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी अशा चार भाषा बोलणारी घरे एकाच आवाजावर उठत आणि झोपत. आज तो भोंगा नाही. तुमच्यापैकी बहुतेकांनी तो ऐकलेलाही नाही.

सुरुवातीपासून सांगतो. सोलापूर हा दुष्काळी मुलूख. पण काळी माती, कापूस आणि हातमागाची जुनी परंपरा या तीन गोष्टी इथे होत्या. साळी, कोष्टी, मोमीन हे विणकर गिरण्या येण्यापूर्वीपासून कापड विणत होते. १८६० मध्ये रेल्वे सोलापूरला पोचली. त्यामुळे कापूस मुंबईला नेणे सोपे झाले, तसेच मुंबईचे भांडवल आणि यंत्रे इथे आणणेही सोपे झाले. १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली. हीच आपली 'जुनी मिल'.

वर्ष लक्षात ठेवा. १८७६ ते १८७८ हा दख्खनच्या मोठ्या दुष्काळाचा काळ. गावात अन्न नाही, गुरे मेली, जमीन सावकाराकडे गेलेली. अशा वेळी शहरात धुराडे उभे राहिले. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत लक्ष्मी, नरसिंग गिरजी, विष्णू, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या. आजूबाजूच्या खेड्यांतून माणसे आली. निजामाच्या राज्यातून, तेलंगणातून पद्मशाली विणकर आले. कर्नाटकाच्या बाजूने कन्नड बोलणारे आले. यांत हिंदू होते, मुसलमान होते, दलित होते.

कधी कधी आपल्याला कुणी विचारते, "तुम्ही मूळचे कुठले?" या प्रश्नाने तुम्ही चिडता, मीही तुमच्या वयात चिडायचो. आता मी शांतपणे उत्तर देतो, की या शहरात जवळजवळ प्रत्येकाचा आजा-पणजा कुठून तरी आलेला आहे. दुष्काळाने हाकलले आणि गिरणीने बोलावले. गिरणीच्या दारात 'मूळचे' कुणीच नव्हते.

पण मी तुम्हाला गोड चित्र दाखवायला आलेलो नाही. गिरणीच्या आतही भिंती होत्या. कोणत्या खात्यात कोण लागणार, हे बऱ्याचदा जात आणि ओळख ठरवायची. मुकादम आपल्या माणसाला आत घ्यायचा, बाकीचे बदली म्हणून दारात उभे. विणण्याच्या खात्यात पगार बरा असायचा. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून मुंबईच्या गिरण्यांत दलित कामगारांना त्या खात्यात घेतच नसत. १९२८ च्या मुंबईच्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. संप मालकाविरुद्ध करायचा आणि शेजारच्या कामगाराला मात्र शिवायचे नाही, हे कसे चालेल, असा साधा प्रश्न होता. त्या काळी मुंबईत विणाईच्या खात्यात मराठा आणि मुसलमान कामगार मोठ्या संख्येने होते. म्हणून हा इतिहास वाचताना आपणही मान खाली घालून थोडा विचार करायला हवा. आपल्यावर अन्याय झाला तेव्हाच इतिहास आठवायचा, हे बरोबर नाही.

सोलापुरात तर त्याहून कठोर गोष्ट होती. इंग्रजांनी काही जमातींना कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते. त्यांना तारेच्या कुंपणात ठेवले, रोजची हजेरी लावली. त्या वसाहतीला आजही आपण 'सेटलमेंट' म्हणतो. तिथले स्त्री-पुरुष गिरण्यांत कामाला जात. म्हणजे ज्यांना सरकार चोर म्हणत होते, त्यांच्या घामावर गिरण्या चालत होत्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण नावाला चिकटलेला डाग अजून पुरता गेलेला नाही. एका संपूर्ण समाजाला संशयित ठरवले की काय होते, हे ज्याला जाणून घ्यायचे आहे, त्याने दूर जायची गरज नाही. सेटलमेंटमधल्या म्हाताऱ्या माणसांशी जाऊन बोलावे.

आता १९३० कडे येऊ. त्या वर्षी ६ एप्रिलला सोलापूरच्या नगरपालिकेवर तिरंगा लागला. मे महिन्याच्या सुरुवातीला गांधीजींना अटक झाली आणि शहर पेटले. ८ मे रोजी गोळीबार झाला, लोकांनी पोलीस चौकीवर हल्ला केला, कोर्ट जाळले. पोलीस शहरातून निघून गेले आणि तीन-चार दिवस इथे इंग्रजांचा अंमल उरला नाही. त्या दिवसांत रस्त्यावरची व्यवस्था स्वयंसेवकांनी पाहिली. मग १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला. तो ३० जूनपर्यंत, म्हणजे ५० दिवस चालला. गांधी टोपी घालणाऱ्यालाही शिक्षा होत होती.

दोन पोलिसांच्या हत्येच्या खटल्यात चौघांना फाशीची शिक्षा झाली. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. एक लिंगायत, एक मराठा, एक मारवाडी, एक मुसलमान. कुर्बान हुसेन तर विशीतले होते. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघांना फाशी दिली.

दरवर्षी भाषणांत सांगतात, की हे चौघे हिंदू-मुस्लिम ऐक्याचे प्रतीक आहेत. मला हे वाक्य अपुरे वाटते. प्रतीक म्हणून कुणी त्यांना निवडून एकत्र आणले नव्हते. ते एकत्र होते, कारण त्यांचे शहर एकत्र होते. इथल्या कामगारांच्या पाळ्या एक होत्या, उधारीचे दुकान एक होते, पगाराचा दिवस एक होता. ऐक्य हे भाषणातून आले नाही. ते रोजच्या गरजेतून आले आणि म्हणूनच संकटात टिकले.

स्वातंत्र्यानंतरची एक गोष्ट तुमच्यातल्या कायदा शिकणाऱ्यांसाठी. ऑगस्ट १९४९ मध्ये जुनी मिल बंद पडली. हजारो कामगार रस्त्यावर आले. जानेवारी १९५० मध्ये, संविधान लागू व्हायला थोडे दिवस असताना, केंद्र सरकारने वटहुकूम काढून गिरणीचा कारभार ताब्यात घेतला. कारण दिले, की कापडाचे उत्पादन थांबले आहे आणि बेकारी वाढली आहे. चिरंजीतलाल चौधरी नावाचे भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. एकाच कंपनीसाठी वेगळा कायदा करणे म्हणजे समतेच्या हक्काचा भंग आहे, असे त्यांचे म्हणणे. डिसेंबर १९५० मध्ये न्यायालयाने बहुमताने त्यांचा अर्ज फेटाळला. पुढे दुसऱ्या खटल्यात, द्वारकादास श्रीनिवास यांच्या, निकाल उलट लागला. भरपाई न देता मालमत्ता हिरावून घेतली, असे न्यायालयाने म्हटले. १९५५ ची चौथी घटनादुरुस्ती झाली, तिच्यामागे हा निकालही होता.

कलम १४ चा अभ्यास करणारा विद्यार्थी आजही देशात कुठेही असला, तरी त्याला सोलापूरच्या गिरणीचे नाव वाचावे लागते. आपण संविधान हातात घेऊन फोटो काढतो. त्या संविधानाच्या पहिल्या परीक्षांपैकी एक आपल्या गल्लीच्या टोकाला झाली, हे मात्र आपल्याला माहीत नसते.

त्यानंतर गिरण्या एकामागून एक थकत गेल्या. यंत्रे जुनी झाली, नवी आणण्यात पैसा घातला गेला नाही, यंत्रमागाचे कापड स्वस्त पडू लागले. नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णू बंद झाली. नाना तेव्हा निवृत्त होते, पण मामा कामावर होते. ते पुढे वर्षभर सकाळी त्याच वेळी उठून बसायचे. काम नव्हते, भोंगा नव्हता, तरी झोप उघडायची.

गिरणी गेली पण कापड गेले नाही. ते पत्र्याच्या शेडमध्ये, यंत्रमागावर गेले. सोलापुरी चादर आणि टॉवेल आजही इथेच विणले जातात, त्यांना भौगोलिक मानांकन आहे. पण गिरणीत हजारो माणसे एका छताखाली होती. शेडमध्ये दहा-बारा असतात. तिथे युनियन उभी करणे अवघड, भविष्य निर्वाह निधी मिळवणे अवघड. आणि गिरणीच्या दारात जे रोज भेटत होते, ते भेटेनासे झाले.

हे घर कुणी सांभाळले? बायकांनी. माझी नानी दुपारभर मांडीवर सूप घेऊन बसायची. सुपात कापलेली पाने, तंबाखू आणि दोरा. हजार विड्या झाल्या की कारखान्यात नेऊन द्यायच्या. तिथे काही खराब म्हणून बाजूला काढल्या जायच्या आणि त्यांचे पैसे मिळायचे नाहीत. तिच्या एका बाजूला तेलुगू बोलणारी शेजारीण, दुसऱ्या बाजूला कन्नड. तिघी आपापल्या भाषेत बोलायच्या आणि तिघींना सगळे समजायचे. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी बसून विडी वळणारीलाही कामगार मानले. कुंभारीला विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, ती त्यांच्या लढ्यातून. तिला गोदूताई परुळेकरांचे नाव आहे. त्या मोर्चांमध्ये बुरखेवाल्या बायाही होत्या आणि कुंकू लावलेल्याही. आपल्या समाजातल्या बाईचा विषय निघाला, की चर्चा तिच्या कपड्यांवर जाते. तिच्या मजुरीवर कधी जाते का?

याच शहरात १९९० मध्ये पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले. प्रा. फकरुद्दीन बेन्नूर इथेच राहून लिहीत होते. मुसलमान म्हणजे उर्दू आणि मराठी म्हणजे हिंदू, ही वाटणी त्या लोकांनी नाकारली. ते धाडस सोलापुरातून आले, याचे मला नवल वाटत नाही. ज्या गल्लीत चार भाषा एका भोंग्यावर उठत होत्या, तिथल्या माणसाला ही वाटणी खोटी आहे, हे घरातच कळते.

शेवटी माझे म्हणणे एवढेच आहे. गिरणीने आपल्याला रोज भेटायची जागा दिली होती. ती गिरणीने प्रेमाने दिली नाही, तिला हात हवे होते. पण जागा होती. ती गेल्यावर आपण आपापल्या मोहल्ल्यात, पेठेत, आणि आता आपापल्या फोनमध्ये गेलो. ती जागा आता कुणी मालक उभारून देणार नाही. आपल्यालाच करावी लागेल. वाचनालय असेल, रेशनच्या प्रश्नावरची समिती असेल, विडी कामगारांच्या मुलींची अभ्यासिका असेल. काम असे हवे, की ते एकट्या आपल्या लोकांना जमणार नाही.

आणि एक गृहपाठ. घरी जा. आजी-आजोबांच्या पेटीत गिरणीचा बिल्ला, पगाराची चिठ्ठी, विडी कामगाराचे कार्ड असेल. त्याचा फोटो काढा. त्यांना विचारा, "तुमच्या शेजारच्या साच्यावर कोण होते?" ते नाव लिहून घ्या. मग त्या माणसाचे घर शोधा आणि त्याच्या नातवाला भेटा. पुढच्या १२ जानेवारीला चार पुतळ्यांकडे याल, तेव्हा त्यालाही बरोबर घेऊन या.